उत्तर आलं नाही तर

शैला,

तुझी तेरवी आटोपून काल अकोल्याला परत आले. आज ऑफिसात येऊन पाहते तर भिंतीवर आपला तक्ता तसाच, आणि त्यातला एक चौकोन तसाच रिकामा. सोमवारी तो तक्ता सगळ्या डाळ मिलांना पाठवायचा आहे. शेठ सकाळपासून सारखे डोकावून जात होते. "झालं का हो बाई?" मी म्हणायची, होतं आहे. समोरच्याकडून उत्तर आलं नाही तर काय करायचं, एवढंच त्या चौकोनात लिहायचं होतं. त्यावरून आपण दोघी वर्षभर भांडलो, आणि भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस. भांडखोर बाईने असं मधेच उठून जाऊ नये.

तेरवीला लोक तुझ्याविषयी काय काय बोलत होते. स्वभावाने गरीब होती म्हणे, कधी कुणाला उलटून बोलली नाही म्हणे. मी पंगतीत मान खाली घालून ऐकत होते. वाढणारीने विचारलं, "ताई, तुमी कोन तिच्या?" मला चटकन सांगता येईना. नातेवाईक नाही, शेजारीण नाही, एका ऑफिसातलीही नाही. मी म्हटलं, "थे माल घ्याची, आमी माल द्याचो." तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पानावर गेली. बरोबरच आहे. मालाच्या देवाणघेवाणीतली बाई तेरवीच्या पंगतीत रडवेली होऊन कशाला बसेल?

आपली ओळखच भांडणातून झाली. मी मिलमध्ये नवीन होते, गाड्या सोडण्याचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं. तू अमरावतीला, फरसाण आणि बेसनाच्या कारखान्यात खरेदी पाहायचीस. पहिलाच फोन.

"कोन बोलून राहिलं?"

"अकोल्याहून, उज्ज्वला."

"नवीन हायेस वाटते. तुमच्या पोत्यात डाळ कमी अन् चुरी जास्त निंगून राहिली. काहून?"

"मी काय दळून पाठोली का?"

"दळली नसशील. पन भरताना पायली तं असंल?"

मी फोन आपटला. दुपारी तूच पुन्हा लावलास. आधी विचारलंस, "जेवली का?" मी जेवले म्हटल्यावर म्हणालीस, "मंग आता सांग, चुरीचं काय करतं?" त्या दिवसापासून तुझं सगळं असंच. आधी जेवण विचारायचं, मग नरडं धरायचं. कितीतरी महिने तू मला नुसता आवाज होतीस. त्या आवाजावरून मी एक धिप्पाड, कपाळावर मोठं कुंकू लावणारी बाई मनात उभी केली होती. मग एकदा मिलच्या फाटकात एक काडीपहिलवान बाई उतरली, हातात भाजीची भलीमोठी पिशवी. "उज्ज्वला कोन हाय?" म्हणालीस आणि पिशवी माझ्या टेबलावर ओतलीस. वांगी, मेथी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. बार्शीटाकळीला तुझ्या माहेरची भाजीची वाडी होती. येता-जाता तू तिथून पिशवी भरून आणायचीस. चुरीवरून मला शिव्या घालणाऱ्या बाईची मेथी मी त्या रात्री निवडत बसले आणि एकटीच हसले.

पूर्वी आपलं सगळं फोनवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. तू मागणी सांगायचीस, मी लिहून घ्यायची, कधी माझं ऐकायला चुकायचं, कधी तुझं सांगायला. मग दोन्हीकडच्या मालकांच्या डोक्यात आलं की यांचं कॉम्प्युटर त्यांच्या कॉम्प्युटरशी सरळ बोललं पाहिजे. आधी आपल्या दोन ठिकाणी करून पाहायचं आणि जमलं तर बाकीच्या मिलांनाही त्यात घ्यायचं. त्यासाठी पुण्याहून एक सल्लागार आले. हुशार माणूस, उगाच नावं ठेवणार नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की मागणीपत्रात काय काय असावं हे ठरवणं सोपं आहे. अवघड आहे ते कोण आधी बोलणार, कोण नंतर, समोरच्यासाठी किती थांबायचं आणि तो बोललाच नाही तर काय करायचं. "मिलच्या आत काय चालतं ते तुमचं तुम्ही पाहा, कारखान्याच्या आत त्यांचं ते पाहतील. मी फक्त दोघांच्या मधली जागा आखणार."

तू म्हणालीस, "म्हंजे धुऱ्यावरचं भांडण."

त्यांना धुरा कळला नाही. मी सांगितलं, दोन शेतांमधला बांध. तेव्हा ते मनापासून हसले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग हा तक्ता काढला. डावीकडे आम्ही, उजवीकडे तुम्ही, मधे बाण. तुमच्याकडून मागणी निघणार. आमच्याकडून आधी पोहोच जाणार, म्हणजे मागणी मिळाली एवढंच. मग होकार, किंवा नकार, किंवा थोडा बदल सुचवणारा प्रस्ताव. प्रस्ताव गेला तर त्यावर पुन्हा तुमचा होकार किंवा नकार. मग गाडी निघाल्याची सूचना, माल उतरल्याची पावती, शेवटी बिल. कागदावर इतकं देखणं दिसत होतं की आपण इतकी वर्षं भांडलो कशासाठी असं वाटावं.

पण आपल्याकडच्या माणसांचं काय करणार? जुन्या व्यापाऱ्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, ही इथली रीत. भाव पटला नाही, माल पटला नाही, तर माणूस गप बसतो. दोन दिवस फोन उचलत नाही. समोरच्याने समजून घ्यायचं. नाही म्हणून तोंड कशाला वाईट करा, उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचं आहे. तक्त्यात नकाराचा बाण होता, कॉम्प्युटरवर नकाराचं बटण होतं, कारणं निवडायची सोयही होती. चाचणीच्या सबंध काळात त्या बटणाला कुणी बोट लावलं नाही, तुमच्याकडे नाही आणि आमच्याकडेही नाही.

आणि मग ती गाडी गेली. तुम्ही तूर डाळ मागितली होती फटका, म्हणजे पहिल्या प्रतीची, ती आमच्याकडे त्या आठवड्यात पुरेशी नव्हती. आम्ही प्रस्ताव पाठवला की त्याच्या खालची प्रत, सव्वा नंबर देतो, चालेल का? तुमच्याकडून पोहोच आली, पुढे काहीच नाही. तुमच्या साहेबांना ती डाळ नको होती, पण इतक्या जुन्या मिलला नाही कसं म्हणायचं, म्हणून ते गप बसले. आमच्या शेठनी विचारलं, "नाही म्हटलं का त्याइनं?" मी म्हटलं, नाही म्हटलं नाही. "मंग सोड ना गाडी!" गाडी भरली, वजनकाट्यावरून गेली, मूर्तिजापूर मागे टाकून तुमच्या फाटकात जाऊन उभी राहिली. तुमचे लोक उतरवून घेईनात. ड्रायव्हर लिंबाखाली चादर टाकून झोपला. दोन्हीकडचे आपापल्या जागी खरे होते आणि आपण दोघी फोनवर एकमेकींच्या झिंज्या उपटत होतो.

"आमी गप बसलो म्हंजे नको, एवढं समजत नाई का तुले?"

"गप बसलं म्हंजे चालते, असंच हाय आमच्याकडे!"

"तुमच्याकडे म्हंजे कुठं? अकोला काय परदेशात हाय?"

शेवटी तूच तुमच्या साहेबांची समजूत घातलीस आणि अर्धी डाळ ठेवून घेतलीस. त्या रात्री नुसताच मेसेज आला, 'ड्रायव्हरले जेवू घातलं.' मी त्यावर काहीच लिहिलं नाही. आभार मानायची आपली पद्धत नव्हती, आज मानते.

त्या गाडीनंतर तो चौकोन काढला. सल्लागारांनी सुचवलं की ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर प्रस्ताव आपोआप रद्द. गाडी निघणारच नाही, मग भांडण कशाचं? मला शंभर टक्के पटलं. स्वच्छ, सरळ, कुणाची मर्जी सांभाळायला नको. तू मात्र खुर्चीत मागे रेलून म्हणालीस, "नाई. तिथं लिहा, फोन करा."

"मंग मशीन आनलं कायले?" मी म्हटलं. "जलमभर फोनच करत बसा."

"मशीन गप झालं म्हंजे काय झालं, थे तुले कसं समजंल? लाइन गेली असंल. मानूस सुटीवर असंल. नाईतं मनात नसंल अन् तोंडातून निंगत नसंल. साऱ्याइले एकच औषध कसं चालंल?"

माझंही काही खोटं नव्हतं, शैला. फोनवर बोललेल्याचा मागमूस राहत नाही. उद्या कोणीही म्हणतं, मी असं बोललोच नव्हतो. आपल्या सगळ्या भानगडी फोनवरच्या बोलण्यातूनच तर झाल्या होत्या. आणि उद्या इतक्या मिला यात आल्या तर फोन लावणार कोण? "ज्याचा माल थो लावंल," तू म्हणालीस. "अन् ज्याले लाज वाटते थो?" "त्याच्यासाठीच तं फोन. लाजनारा बटन दाबत नाई, पन त्याचा आवाज ऐकला की समजते." मी टेबलावर हात आपटला, तूही आपटलास. सल्लागारांचा चहा तसाच राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या फार चिडल्या आहेत का?" मी म्हटलं, "नाही हो, आमचं बोलणं चाललं आहे."

मग तू बैठकांना यायची थांबलीस. थांबते असं काही बोलली नाहीस. दर वेळी म्हणायचीस, "येतो ना." आणि यायची नाहीस. मी तणतणत होते. म्हटलं, हरायला लागली म्हणून तोंड चुकवते आहे. एका कामासाठी अमरावतीला आले तेव्हा मुद्दाम कारखान्यात डोकावले, म्हटलं आज गाठतेच हिला. तुझ्या टेबलावर रुबीना बसली होती, तुझ्या शेजारी बसून इतकी वर्षं काम केलेली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ताईनं तुमाले नाई सांगितलं?" बाकीचं मी तिच्या चेहऱ्यावरून समजले.

तशीच तुझ्या घरी आले. तू खाटेवर भिंतीला टेकून बसली होतीस, डोक्याला रुमाल बांधलेला. काडीपहिलवानातली आता नुसती काडी राहिली होती. मला रागही आला आणि रडूही. सांगितलं का नाहीस म्हणून मी ओरडणार, तेवढ्यात तूच विचारलंस, "जेवली का?" आणि मी जेवले म्हटल्यावर, "चौकोन भरला का?"

"तू बरी हो. मंग भांडू."

"आत्ता भांड ना. मंग कोनं पायलं?"

माझ्याने होईना. मी म्हटलं, जाऊ दे शैला, तुझंच खरं, फोन करा लिहून टाकते. तू जी भडकलीस! "दया करून राहिली का माह्यावर? भांड नीट." तुझी मुलगी पूर्वा स्वयंपाकघरातून धावत आली, आईला काय झालं म्हणून. मग मी खरंच भांडले. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा काय, हा माझा हुकमी मुद्दा काढला. तू जरा दम घेतलास आणि म्हणालीस, "फोनवर जे ठरलं, थे लगेच लिहून पाठवाचं. मंग तं झालं?" त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. पूर्वा औषध घेऊन आली म्हणून ते द्यायचं राहिलं. तुझ्या गालावर कितीतरी दिवसांनी रंग आला आहे, असं ती मला दाराशी म्हणाली.

पुढचं मी तुला सांगितलेलं नाही.

त्यानंतर मी मेसेज केला होता, 'बुधवारी येऊ का?' तो पोहोचला, वाचलाही गेला. उत्तर नाही. मी सबंध दिवस वाट पाहिली. मनात आलं, नको असेल. थकली असेल, कुणी यावंसं वाटत नसेल आणि तिला तसं सांगवत नसेल. आजारी माणसाला किती छळायचं? राहू द्यावं, पुढच्या आठवड्यात पाहू. माझ्याच नियमाने वागत होते बघ, उत्तर नाही तर रद्द. पण हात काही स्वस्थ बसेना. मी फोन लावला.

पूर्वाने उचलला. "मावशी, आईच्यानं फोन धरवत नाई आता. तुमचा मेसेज मी वाचून दाखोला. हो म्हने, ये म्हनाव तिले. मीच लिहाचं विसरली. तुमी या."

तू हो म्हणाली होतीस. तुझा होकार तुझ्या खोलीतून निघाला होता आणि माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. बुधवारी मी आले. तू फार बोलली नाहीस. माझा हात तुझ्या हातात घेतलास आणि झोपलीस, आणि दुपारभर तो सोडला नाहीस. माझा खांदा अवघडला, पण मी हलले नाही. तुला शेवटचं पाहिलं ते तेवढंच. फोन लावला नसता तर तेवढंही मिळालं नसतं, आणि पुढचा आठवडा तुला नव्हताच.

तू जिंकलीस, हे मला त्या दुपारी तुझ्या उशाशी बसून कळलं. ते मी तुला सांगितलं नाही. तू जागी असतीस तर पुन्हा भडकली असतीस, दया करून राहिली म्हणून. आता सांगते. दया नाही गं, शैला. भांडून भांडून पटलं आहे.

आज दुपारी मी तो चौकोन भरला. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर रद्द समजू नये, होकारही समजू नये. फोन करावा. जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून पाठवावं. शेवटचं वाक्य तुझं आणि माझं दोघींचं आहे, त्यातला पुराव्याचा हट्ट माझा. सल्लागारांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले की तक्त्यात बसतं, पण फोन कुणाला करायचा त्या माणसाचं नाव प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं पाहिजे, नुसतं ऑफिस लिहून चालणार नाही. बरोबर आहे त्यांचं. तक्त्याखाली नावं लिहायला घेतली. आमच्या मिलसमोर माझं. तुमच्या कारखान्यासमोर तुझं नाव आधीपासून होतं, पहिला तक्ता काढला तेव्हा तूच तुझ्या अक्षरात लिहिलेलं. तिथे आता रुबीनाचं लिहायला हवं. पेन हातात घेऊन मी नुसती बसून राहिले. शेठ पुन्हा डोकावले. माझ्याकडे पाहून या वेळी काही न विचारता गेले.

म्हटलं, निदान तिला विचारून तरी लिहावं. रुबीनाला फोन लावला. तुझ्या जागी नाव टाकू का विचारलं, आणि सोमवारी तक्ता पाठवण्याआधी इथे अकोल्यात मिलवाल्यांची बैठक आहे, तिथे तुमच्या कारखान्याकडून ती उभी राहील का, तेही विचारलं.

"नाव टाका माहं," ती म्हणाली. "पन सोमवारी येनं नाई जमत, ताई. नाई येत मी."

मी गांगरले. इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला असं सरळ नाही कुणी म्हटलेलं आठवत नाही. पाहू म्हणतात, येतो म्हणतात, फोन उचलत नाहीत. माझ्या गप्प राहण्याने तिला काय वाटलं कोण जाणे. ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "राग नका मानू, ताई. शैलाताईनंच सांगून ठेवलं होतं. म्हने, उज्ज्वलाले नाई म्हनाचं असंल तं तोंडानं म्हनजो. थे वाट पाहत बसते."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेरवीला अडलेलं रडू तेव्हा आलं. मग डोळे पुसले, तुझ्या नावावर रेघ मारली आणि शेजारी रुबीनाचं लिहिलं. सोमवारी तक्ता जाईल.

मी वाट पाहत बसते हे मात्र खरं आहे गं, शैला.